चेन कव्हर का गेलं? मोटरसायकलच्या चेनची पार्श्वभूमी

रोजच्या वापराच्या मोटरसायकलला पूर्ण बंद चेन कव्हर हवं की अर्धं पुरे, हा वाद दर पावसाळ्यात गॅरेजमध्ये नव्याने रंगतो. त्याची मुळं बरीच मागे जातात.

अकराव्या शतकाच्या अखेरीस चीनमधल्या कायफेंगच्या खगोलीय घड्याळात साखळीने गती पोचवली जात होती. आज आपण वापरतो ती चेन मात्र कापडधंद्यातून आली. मँचेस्टरजवळच्या सॅल्फर्डमध्ये सूतगिरणीच्या यंत्रांना साखळ्या पुरवणारा एक छोटा कारखाना होता. तो विकत घेणाऱ्या स्विस अभियंत्याने 1880 मध्ये बुश-रोलर चेन काढली. त्याआधीच्या साखळीत रोलर, म्हणजे चक्राच्या दात्यांवर टेकणारी फिरती पुंगळी, कड्या जोडणाऱ्या पिनेवर थेट फिरे, पिनेचा भार कडीच्या पातळ पट्ट्यांच्या कडांवर येई आणि पिना लवकर खाल्ल्या जात. पिनेवर नळीसारखं बुश आल्यावर तो भार पूर्ण रुंदीवर पसरला. पाचच वर्षांत कॉव्हेंट्रीत मागचं चाक चेनने फिरवणारी, जवळपास सारख्या चाकांची सायकल आली. 1903 मध्ये उडालेल्या पहिल्या विमानाचे पंखेही चेनवरच फिरत; दोन्ही पंखे उलटसुलट फिरावेत म्हणून त्यातली एक चेन आठच्या आकड्यासारखी पीळ देऊन बसवली होती.

मोटरसायकलींना सुरुवातीला चामड्याचा पट्टा असे. पावसात तो घसरायचा, चढावर तर फारच. 1911 मध्ये ब्रिटनजवळच्या आयल ऑफ मॅन बेटाच्या डोंगरी मार्गावरच्या शर्यतीत पहिले तिन्ही क्रमांक चेनवर चालणाऱ्या गाड्यांनी पटकावले आणि पट्ट्याचे दिवस भरत आले.

पट्टा धूळ सोसतो, चेन सोसत नाही. चेन ‘ताणली’ असं आपण सहज म्हणतो, पण कड्यांचं पोलाद फारसं ताणलं जात नाही. आतली पिन आणि बुश झिजतात. शंभरावर कड्यांच्या चेनमध्ये प्रत्येक कडीत एक दशांश मिलिमीटर झीज झाली, तरी चेन सेंटीमीटरभर लांबते. मग ती चक्राच्या दात्यांवर वर चढून बसते, दाते आकड्यासारखे वाकडे होतात आणि पूर्ण चेन सेट, म्हणजे चेनसकट दोन्ही दातेरी चक्रं, बदलावा लागतो. म्हणूनच इंग्लंडमधल्या चांगल्या सायकलींना विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच तेलाने भरलेलं बंद चेन कव्हर मिळालं. आपल्याकडच्या काळ्या सायकलींनी बंद कव्हर उचललं, आणि 1985 मध्ये भारतात आलेल्या 100 सीसी फोर-स्ट्रोक मोटरसायकलनेही. त्या कव्हरला एक रबरी बूच असतं. ते काढून आत बोट घालायचं, चेन वरखाली दाबायची. दोन ते तीन सेंटीमीटर हलली तर ठीक. साधी, स्वस्त आणि आपल्या रस्त्यांना साजेशी सोय.

दोन हजारच्या दशकात 150 सीसी आणि त्यावरच्या गाड्या रुबाबावर विकल्या जाऊ लागल्या. मागचं चाक उघडं आणि रुंद दिसायला हवं होतं, म्हणून पूर्ण कव्हर जाऊन वर जेमतेम एक पट्टी उरली. बचाव असा होता की आता सीलबंद चेन आहे, कव्हर कशाला? यात तथ्य आहे. सत्तरच्या दशकात आलेल्या ओ-रिंग चेनमध्ये पिन आणि बुशमधलं ग्रीस रबरी कड्यांनी आत कोंडलेलं असतं, चिखल तिथवर सहजी पोचत नाही. शिवाय उघडी चेन पुसायला, वंगण मारायला सोपी, आणि चाक पटकन निघतं. बंद कव्हरखालची चेन लोक वर्षवर्ष बघतही नाहीत, हेही खरंच.

पण हा युक्तिवाद फक्त सीलबंद चेनला लागू पडतो. साधी चेन लावून ती उघडी ठेवलेल्या गाड्याही रस्त्यावर आल्या, आणि इथे मालकाचं निव्वळ नुकसान आहे. कोकणातली लाल माती, उसाच्या ट्रॅक्टरांनी केलेला चिखल, बांधकामाची वाळू हे सगळं वंगणात कालवलं की त्याचा पॉलिश पेपर होतो. चारशे मैलांच्या स्वच्छ हमरस्त्यावर शोभणारा निर्णय रोज शेतावर जाणाऱ्या माणसाच्या गळ्यात पडला.

दुसरा मुद्दा माझ्या मते जास्त गंभीर आहे, आणि त्याची चर्चा सगळ्यात कमी होते. आपल्याकडे बहुतेक मोटरसायकलींची चेन डावीकडे असते. मागे एका अंगाने बसणाऱ्या बायकाही पाय डावीकडेच सोडतात, म्हणजे पदर आणि ओढणी चेनच्याच बाजूला लोंबतात. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम 123 मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारं, कपडे अडकू न देणारं संरक्षक साधन बंधनकारक करतो. आपण त्याला साडी गार्ड म्हणतो. हा नियम चाकाबद्दल बोलतो, चेनचं नावही घेत नाही. बंद कव्हर सर्रास होतं तेव्हा ही उणीव जाणवलीच नाही. कव्हर गेल्यावर नियम तसाच राहिला, आणि गाडी घेताना कित्येक जण साडी गार्डही ‘दिसायला वाईट’ म्हणून काढायला लावतात.

विजेवरच्या काही मोटरसायकलींनी आता दातेरी बेल्ट घेतला आहे, काही चेनवरच आहेत. बेल्टला वंगण लागत नाही, आवाजही कमी. मात्र दात्यांत खडा अडकला तर बेल्ट फाटू शकतो, आणि चेनसारखी एखादी कडी बदलून भागत नाही. नवा बेल्टच टाकावा लागतो.