लाल कॅलिपर आणि शेवटच्या पाच फुटांतली शिट्टी

नागपुरात धरमपेठेत लक्ष्मीभुवन चौकाजवळ सकाळी तर्री-पोहे खात उभं राहिलं की अशी एखादी गाडी हमखास दिसते. रुंद टायर, चाकाच्या आऱ्यांमागून डोकावणारे लाल कॅलिपर (ब्रेकचे चिमटे), एक्झॉस्टचा दमदार घुमारा. मग सिग्नल लागतो, आणि थांबता थांबता शेवटच्या पाच-सात फुटांत गाडीतून लांबलचक ‘चींऽऽ’ निघते. ठेल्यावरचे चार जण वळून बघतात. गाडीवाला काच वर करतो. मागच्या महिन्यात तर एकाने त्याला सल्लाही दिला, “ब्रेकमधी थोडं तेल टाकून पाहा ना भाऊ, लय वाजून राह्यला.”

गंमत म्हणून ठीक, पण हा सल्ला आपल्या हाडात मुरलेला आहे. बैलगाडीचं चाक करकरलं की वंगण, दाराचं बिजागर कुरकुरलं की खोबरेल. ब्रेक हा मात्र यंत्रातला असा भाग आहे, जिथे घर्षण कमी करणं म्हणजे गाडी न थांबणं. पॅडला, म्हणजे ब्रेकच्या घासणाऱ्या ठोकळ्याला, तेल लागलं तर शिट्टी जाईल आणि तिच्यासोबत ब्रेकही जाईल. घर्षण हवं पण आवाज नको, हा पेच मोटारीइतकाच जुना आहे. वेगवान गाड्यांच्या ब्रेकांत तो अजून पुरता सुटलेला नाही, आणि का सुटला नाही हे कळल्याशिवाय कुठली शिट्टी घाबरण्यासारखी आणि कुठली सोडून देण्यासारखी, हे ओळखता येत नाही.

सुरुवात इंग्लंडात बर्मिंगहॅमला होते. फ्रेडरिक लँचेस्टर या इंजिनिअरने १९०२ साली डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं. चाकासोबत फिरणारी धातूची पातळ तबकडी आणि तिला दोन्ही बाजूंनी पकडणारा चिमटा. आजच्या लाल कॅलिपरच्या आत हीच कल्पना आहे. अडचण होती ती चिमट्याच्या तोंडाला काय लावायचं याची. लँचेस्टरने तांबं लावलं. धातूवर धातू घासला जाऊ लागला आणि जी किंकाळी उठली ती ऐकणाऱ्याच्या दातांना झिणझिण्या आणणारी होती. त्यात कच्च्या रस्त्यांची धूळ त्या तांब्याला झपाट्याने खात असे. आपल्या चौकातली शिट्टी ही त्या पहिल्या किंकाळीची थेट वारस आहे.

तोडगा दुसऱ्या एका इंग्रजाने काढला. हर्बर्ट फ्रूड १८९७ पासून गाड्यांच्या चाकांसाठी ब्रेकचे ठोकळे बनवत होता. आडनावाची अक्षरं उलटसुलट करून आणि त्यात बायको एलिझाबेथच्या नावाचं इंग्रजी आद्याक्षर मिसळून त्याने कंपनीचं नाव ‘फेरोडो’ ठेवलं. ते आजही पॅडच्या खोक्यांवर दिसतं. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्याने ब्रेकच्या अस्तरात अ‍ॅस्बेस्टॉस वापरायला सुरुवात केली. उष्णतेला दाद न देणारा, तंतुमय आणि स्वभावाने मऊ असा हा पदार्थ. कंप तो स्वतःतच जिरवायचा. ब्रेक शांत झाले. ही शांतता किती महाग पडणार आहे हे कळायला बरीच वर्षं जावी लागली.

तोवर डिस्क मागे पडून ड्रमचा जमाना आला होता. बंद डबा आणि आत दोन अर्धगोल लाइनर. आपल्याकडच्या अँबेसिडर आणि पद्मिनी त्याच घराण्यातल्या. ज्यांचं बालपण त्यांच्या मागच्या सीटवर गेलं त्यांना आठवत असेल, पावसाळ्यात त्याही रडायच्या. मिस्त्री ड्रम उघडायचा, हवा मारायचा, लाइनरवर एमरी पेपर घासायचा आणि ड्रम परत बसवायचा. त्या हवेच्या झोतात उडणारी धूळ कशाची होती, याचा विचार तेव्हा कुणी केला नाही.

ड्रमच्या या रडण्यावर इंग्लंडात एच. आर. मिल्स यांचा अहवाल १९३८ साली आला, आणि तेव्हापासून अभ्यासक या आवाजाच्या मागे आहेत. मिल्स यांचा रोख घर्षणाच्या एका विचित्र गुणावर होता. दोन पृष्ठभाग एकमेकांवर हळू सरकत असतील तर त्यांच्यातली पकड जास्त असते, आणि वेग वाढला की ती ढिली पडते. त्यामुळे संथ वेगात पॅड डिस्कला क्षणभर धरतं, ताण वाढला की सुटतं, पुन्हा धरतं. सेकंदाला हजारो वेळा. सारंगीचा गज तारेवर फिरताना नेमकं हेच करतो. गजाला राळ लावतात ती ही धर-सोड नीट व्हावी म्हणून. सारंगीत जे मुद्दाम घडवायचं, ते ब्रेकमध्ये घडू द्यायचं नाही.

पण एवढ्याने कोडं सुटत नव्हतं. पकड वेगानुसार फारशी न बदलणारी पॅडही किंचाळताना आढळली. १९६१ साली स्पर या संशोधकाने दुसरी बाजू मांडली, ती कोनाची. शाळेत खडू फळ्यावर उभा रेटला की अंगावर काटा आणतो, आणि मास्तरांनी तो तिरपा धरला की गप्प बसतो. खडू तोच आणि फळाही तोच, फक्त भार कुठल्या दिशेने जातो ते बदललं. पॅडचंही तसंच आहे. त्याची पुढची कड आधी रुतत असेल तर पॅड स्वतःलाच डिस्कमध्ये खोचत जातं आणि सुटताना थरथरतं. आज पॅडच्या कडा तिरप्या तासलेल्या असतात किंवा मधोमध खाच असते, ती यासाठी. पुढे सत्तरच्या दशकात अभ्यासकांनी दाखवलं की डिस्क, पॅड आणि कॅलिपर यांचे स्वतःचे कंप एकमेकांशी जुळले की घर्षण त्यांना ऊर्जा पुरवत राहतं. डिस्क हा बिडाचा भलामोठा टाळ आहे. काढून टांगली आणि हातोडीने टकटक केली तर ती घंटेसारखी वाजते. शिट्टी वाजते ती मुख्यतः डिस्क. पॅड फक्त गज फिरवतं.

या शिट्टीचा सूर साधारण एक हजार हर्ट्झपासून पुढे चढतो, आणि माणसाचा कान दोन ते पाच हजारांच्या टप्प्यात सगळ्यात तिखट असतो. त्यात गाडी थांबत आलेली, वारा नाही, टायरची घरघर नाही. मग ठेल्यावरच्या चौघांना ती ऐकू येणारच.

आता वेगवान गाड्यांकडे. १९५३ साली फ्रान्समधल्या ल मांच्या २४ तासांच्या शर्यतीत जॅग्वारच्या सी-टाइप गाड्या डनलॉपचे डिस्क ब्रेक लावून उतरल्या. रोल्ट आणि हॅमिल्टन यांनी शर्यत जिंकली, आणि तिथली सरासरी पहिल्यांदाच ताशी १०० मैलांच्या वर गेली. लांब सरळ पट्ट्यावर प्रतिस्पर्ध्यांचे ड्रम तापून ढिले पडत होते. उघड्यावर फिरणारी डिस्क वाऱ्याने थंड होत होती, त्यामुळे जॅग्वारवाले वळणाच्या बऱ्याच पुढे जाऊन ब्रेक दाबू शकत होते. दोनच वर्षांनी सित्रोएनने डीएस गाडीला पुढे डिस्क बसवून हा ब्रेक सामान्य ग्राहकाच्या दारात आणला. लँचेस्टरची तबकडी पन्नास वर्षांनी परत आली, आणि बंद डब्यात कोंडलेला आवाजही तिच्यासोबत मोकळा झाला.

शर्यतीच्या ब्रेकचं खरं काम उष्णतेशी असतं. गाडीची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ताशी १२० किलोमीटरवरून थांबताना, १५ किलोमीटरवरून थांबण्याच्या तुलनेत ६४ पट उष्णता डिस्कमध्ये ओतली जाते. ती झेलायला पॅडमध्ये पोलाद-लोखंडाचं प्रमाण वाढवतात, मिश्रण कडक करतात. असं पॅड काही शे अंशांना तापलं की खुलतं. थंड असताना ते खरबरीत आणि कुरकुरं असतं. कॅलिपरही वेगळा असतो. साध्या गाडीत एका बाजूला पॅड दाबणारा पिस्टन आणि बाकीचा भाग पिनांवर सरकणारा. इथे दोन्ही बाजूंना पिस्टन आणि सगळं जागच्या जागी घट्ट. पॅड मोठी, आणि ट्रॅकसाठीच्या जोडीत तर पॅडच्या पाठीचे कंप मारणारे पातळ पत्रे, म्हणजे शिम, बऱ्याचदा नसतातच. शांत ठेवणारं जे-जे होतं ते वजन आणि उष्णतेच्या हिशेबात कापलं गेलेलं असतं. खाचांची डिस्क लावली असेल तर ब्रेक दाबताना आणखी एक ‘घुर्रर्र’ येते. तो तिचा स्वभाव आहे, आजार मानू नये.

मधल्या काळात अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू फुप्फुसात जाऊन कॅन्सर करतात हे सिद्ध झालं आणि युरोपातून ते हद्दपार झालं. त्याच्या जागी आलेल्या मिश्रणांपैकी कुठलंच त्याच्याइतकं सोशिक नव्हतं. आणि इथे इतिहासाने एक मजेदार वळण घेतलं. ज्या तांब्याने लँचेस्टरला जेरीस आणलं त्याचेच बारीक तंतू आणि भुकटी पॅडमध्ये घातली की उष्णता पसरते आणि आवाजही आटोक्यात राहतो, असं दिसून आलं. काही दशकं तांब्याने ही चाकरी केली. मग कळलं की ब्रेकमधून झडलेलं तांबं पावसाच्या पाण्यासोबत नद्यांत जातं आणि माशांना बाधतं. कॅलिफोर्नियाने २०१० साली कायदा केला, त्यानुसार पॅडमधलं तांबं २०२१ पासून पाच टक्क्यांच्या आत आणि २०२५ पासून अर्ध्या टक्क्याच्या आत आलं. पॅड बनवणारे जगभर माल विकतात, म्हणून मिश्रणं पुन्हा बदलली. नव्या गाडीचे ब्रेक जुन्या गाडीपेक्षा जास्त का वाजतात, असं कुणी विचारलं तर थोडंसं उत्तर या कायद्यातही आहे.

आपल्याकडे हा विषय तसा ताजा. फियाटने २०१५ मध्ये अबार्थ पुंटो आणली, ह्युंदाईने २०२१ मध्ये चारही चाकांना डिस्क आणि पुढे लाल कॅलिपर असलेली आय-२० एन लाइन. दरम्यान साध्या गाडीला ‘स्पोर्ट’ पॅड लावून घेणारी पोरंही वाढली. आणि २०२२ च्या डिसेंबरात समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा सुरू झाला. २०२५ मध्ये तो मुंबईपर्यंत पोचला, एकूण ७०१ किलोमीटर. तिथे वेगमर्यादा १२० ची, म्हणून लोक त्या हिशेबाने ब्रेक निवडतात. गंमत अशी, की समृद्धीवर तासन्‌तास ब्रेकला पाय लागत नाही, आणि गाडीचे बाकीचे दिवस सीताबर्डी ते धरमपेठ पंधराच्या वेगात जातात. तापल्यावर खुलणाऱ्या पॅडला तापायची संधीच मिळत नाही. हलक्या पायाने घासून घासून त्याचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होतो, आणि गुळगुळीत पॅड हमखास वाजतं. बरेच जण नागपूरच्या उन्हाला दोष देतात. मे महिन्यातले ४५ अंश म्हणजे अशा पॅडला डिसेंबरच. दोष द्यायचाच तर धुळीला द्या. सिमेंटचे रस्ते, त्यांच्या कडेला कायमचं खोदकाम, बारीक कच. लँचेस्टरला ती ओळखीची वाटली असती.

म्हणून निदानात ‘आवाज कुठून येतो’ याआधी ‘कधी येतो’ हे विचारावं. ब्रेकवर पाय नसताना चालत्या गाडीत बारीक किणकिण येते आणि पाय ठेवताच थांबते, तर आधी पॅडची जाडी बघा. पुष्कळ पॅडना पोलादाची छोटी पट्टी असते. दोन-तीन मिलिमीटर माल उरला की ती डिस्कला टेकते आणि मुद्दाम ओरडते. ही एकमेव शिट्टी कंपनीने स्वतः बसवलेली आहे, तिचं ऐकायचं. अचानक, ब्रेक दाबला तरी न थांबणारी भयंकर खरखर सुरू झाली तर बहुधा डिस्क आणि मागच्या पत्र्यामध्ये खडा अडकलाय. गाडी हळूच पुढे-मागे केली की कित्येकदा पडतो.

हलक्या पायाने वाजते, जोरात दाबलं की गप्प होते, ही चौकातली नेहमीची शिट्टी. पॅड नुकतीच बदलली असतील तर शिम परत बसवले का आणि पॅडच्या पाठीला ब्रेकचं खास ग्रीस लावलं का, हे विचारा. पाठीला म्हणतोय, तोंडाला नाही. वंगणाची आपली हौस एवढ्या एका जागी भागवून घ्यावी. माझ्या गाडीचे शिम एका वर्कशॉपने ‘गरज नसते’ म्हणून काढून ठेवले होते. ते बिलात नव्हते आणि गाडीतही नव्हते. एका बाजूचं पॅड दुसऱ्यापेक्षा बरंच जास्त झिजलेलं असेल किंवा एकच चाक जास्त तापत असेल, तर सरकत्या कॅलिपरची पिन अडकलेली असते. मग आवाज बाजूला ठेवून आधी तिच्याकडे बघायचं. ऑटोमॅटिक गाडी सिग्नलला ब्रेक किंचित सोडून रांगू लागते तेव्हा येणारी जाडी ‘घूंऽऽ’ वेगळी. तीही धर-सोडच, फक्त खालच्या पट्टीतली. तिचा इलाज म्हणजे ब्रेक एक तर नीट दाबा, नाही तर पूर्ण सोडा.

यातलं काहीच नसेल तर पॅड डिस्कशी रुळवून घ्यावी लागतात. रविवारी पहाटे आउटर रिंग रोड मोकळा असताना, मागे कुणी नाही हे पाहून, ताशी ८० वरून २० पर्यंत आठ-दहा वेळा दमदार ब्रेक मारायचे, पण पूर्ण थांबायचं नाही. मग ब्रेक न वापरता पाच-सात किलोमीटर गाडी चालवून डिस्क निववायची. पॅडचा पातळ, सारखा थर डिस्कवर चढतो आणि दोघांचं जमतं. ट्रॅकसाठीचंच पॅड असेल तर हे जमणंही काही दिवसच टिकतं. मग वाजणं मान्य करा, नाहीतर शहरी पॅड घ्या.

राहिली ती जुलैतली सकाळ. रात्रभर पाऊस, डिस्कवर गंजाचा नारिंगी पापुद्रा, आणि रिव्हर्स टाकून पहिला ब्रेक मारताच सोसायटीभर ऐकू जाईल अशी किंकाळी. दोन-तीन ब्रेकांत पापुद्रा निघतो आणि आवाज जातो. हिच्यावर इलाज करायच्या भानगडीत मी पडत नाही. आमच्या शेजारच्या काकांना आता सवय झालीय. ती वाजली की ते गॅलरीतूनच विचारतात, “निघाले का हो ऑफिसला?”