बाळाचं अंग ढिलं आहे म्हणजे नक्की किती ढिलं?

डाउन सिंड्रोम असलेलं बाळ काखेत धरून उचललं की हातातून निसटतंय असं वाटतं, आणि तो आईचा भास नसतो, जवळपास या सगळ्याच बाळांचा मसल टोन (स्नायूंमधला ताण) जन्मापासून कमी असतो. पण किती कमी, हे सांगायला बीपीसारखं मशीन दवाखान्यात नसतं.

डॉक्टर हातानेच बघतात. बाळाला उताणं ठेवून दोन्ही हात धरून हळूच बसतं करायचं आणि मान किती मागे लोंबते ते बघायचं. मग त्याचा एक हात छातीवरून पलीकडच्या खांद्याकडे न्यायचा, कोपर छातीच्या मध्याच्या पार पलीकडे गेलं तर टोन कमी. मग मांडी पोटाशी धरून गुडघा सरळ करत जायचा, पहिल्या तीन महिन्यांत गुडघ्यामागचा कोन साधारण 80 ते 100 अंश उघडतो, ढिल्या बाळाचा त्याहून बराच जास्त. बाळ झोपेत असेल किंवा रडत असेल तर सगळंच बदलतं, म्हणून ते जागं आणि शांत हवं.

टोनसाठी मोठी माणसं, मुलं सगळ्यांना वापरतात ती अ‍ॅशवर्थ स्केल इथे कामाचीच नाही, ती 0 पासून वर कडकपणा मोजते, 0 च्या खाली काही नाहीच! हॅमरस्मिथची तपासणी, म्हणजे बाळाच्या मेंदू-नसांची तपासणी (2 ते 24 महिने, 78 पैकी मार्क) चांगली आहे, पण टोन हा तिचा एकच भाग. त्यात या मुलांचे सांध्यांचे लिगामेंटही (हाडं एकमेकांना बांधून ठेवणारे पट्टे) सैल असतात, त्यामुळे पाय जास्त वाकला तो टोनमुळे की सांध्यामुळे हे वेगळं काढणं खरंच अवघड जातं. आणि टोन म्हणजे ताकद नाही हो, टोन म्हणजे बाळ काही करत नसताना स्नायूत असलेला ताण, ताकद व्यायामाने नक्की वाढते. अमेरिकेत 2001 साली आलेल्या अभ्यासात डाउन सिंड्रोमच्या बाळांना घरी छोट्या ट्रेडमिलवर रोज 8 मिनिटं, आठवड्यातून 5 दिवस आधार देऊन पावलं टाकायला लावली, ती ट्रेडमिल न वापरलेल्या अशाच बाळांपेक्षा साधारण 100 दिवस आधी चालली.

म्हणून माझं म्हणणं, एकदाच्या शेऱ्यावर अडकू नका, दर वेळी शक्यतो त्याच फिजिओथेरपिस्टकडून तपासून तारखेसकट लिहून ठेवा, मान कधी धरली, पालथं कधी पडलं, सगळं. ढिलेपणा वाढलेला वाटला तर थायरॉईड तपासा, या मुलांत तो बिघडायचं प्रमाण जास्त असतं. आणि चांगलं चालणारं मूल अडखळायला लागलं, मान दुखते म्हणालं किंवा शी-शूवरचा ताबा गेला तर थांबू नका, मानेचे वरचे मणके सरकून मज्जारज्जूवर दाब आलेला असू शकतो, त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा.