शिकारी रायफलीचे कॅलिबर आणि अंतराचे गणित

कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवले. या स्पर्धेतील गोळीचा व्यास ५.६ मिलिमीटर, म्हणजे जेमतेम तुरीच्या दाण्याएवढा असतो आणि वजन सुमारे २.६ ग्रॅम. नळीच्या आतल्या व्यासावरून ठरणारे हे माप म्हणजे कॅलिबर. कागदावरचे १०.४ मिलिमीटरचे दहा गुणांचे वर्तुळ गाठायला ही गोळी पुरते. पण नळीतून सुटताना तिची ऊर्जा जेमतेम १४० ज्यूल असल्याने ती हरणावर झाडणे म्हणजे त्या जिवाला जखमी करून तडफडत सोडणे होय.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. जिथे परवान्याने शिकार चालते तिथे मात्र कॅलिबरची चर्चा बहुधा ऊर्जेच्या आकड्यांतच अडकते. माझ्या मते अंतर आधी ठरवावे.

१९५२ साली बाजारात आलेल्या .३०८ विंचेस्टर (.३०८ म्हणजे गोळीचा इंचातला व्यास, सुमारे ७.८ मिलिमीटर) काडतुसाची ९.७ ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे ८६० मीटर वेगाने सुटते, म्हणजे तिची ऊर्जा सुमारे ३,६०० ज्यूल भरते. रायफलीवरची दुर्बीण १०० मीटरवर गोळी बरोबर नेमावर लागेल अशी जुळवलेली असेल तर २०० मीटरवर ही गोळी नेमाच्या खाली सुमारे १२ सेंटिमीटर आणि ३०० मीटरवर सुमारे ४० ते ४५ सेंटिमीटर लागते. हरणाच्या हृदय-फुप्फुसांचा भाग साधारण २० सेंटिमीटरचा असतो, हे लक्षात घेतले की अंतराचा अंदाज थोडा जरी चुकला तरी काय होते ते कळते. वाऱ्याने गोळी बाजूला सरकते तीही अंतराच्या प्रमाणात नव्हे, त्याहून अधिक वेगाने वाढत जाते.

याहून मोठी अडचण हाताच्या थरथरीची. ज्याच्या गोळ्या १०० मीटरवर १० सेंटिमीटरच्या वर्तुळात पडतात, त्याच्या ३०० मीटरवर ३० सेंटिमीटरमध्ये विखुरतात आणि मोठे कॅलिबर घेऊन हे वर्तुळ लहान होत नाही. उलट खांद्याला बसणाऱ्या जबर धक्क्याच्या धास्तीने चाप ओढताना नेम हलतो.

कोल्हापूर संस्थानचे शिकारीचे राखीव रान असलेले दाजीपूर १९५८ साली गव्यांसाठी अभयारण्य झाले. तिथल्या दाट झाडीत काही पावलांपलीकडचेही धड दिसत नाही. अशा रानात लांब पल्ल्याच्या वेगवान गोळीचा फायदा उरत नाही. जनावर मोठे असेल तर खोल शिरणारी जड गोळी लागते. अशी गोळी फांद्या तोडत सरळ जाते हा समज मात्र चुकीचा आहे, कारण फांदीला लागल्यावर कोणत्याही कॅलिबरची गोळी वाट सोडू शकते.

म्हणून आधी २० सेंटिमीटरची ताटली लावावी आणि टेकू न घेता, बसून किंवा उभ्याने, पाचही गोळ्या तिच्यात बसतील असे शेवटचे अंतर मोजावे. बहुतेकांचे हे अंतर २०० मीटरच्या बरेच अलीकडे भरते आणि हरणासाठी तेवढ्या पल्ल्यात .३०८ सारखे मध्यम काडतूस पुरेसे ठरते.