‘पसारा’ लायसन्स गार्डला लागत नाही

‘गार्डची नोकरी हवी? आधी पसारा लायसन्स काढ, अमुक हजार पडतील.’ नाक्यावरचे एजंट वर्षानुवर्षं हेच सांगतात. चूक आहे. खासगी सुरक्षा संस्था अधिनियम, 2005 (इंग्रजी नावाचं लघुरूप PSARA, म्हणजेच हा ‘पसारा’, नाव मात्र अगदी शोभतं!) परवाना मागतो तो एजन्सीकडे. विनापरवाना एजन्सी चालवली तर 1 वर्षापर्यंत कैद, 25,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

गार्डचं वय 18 ते 65 हवं, प्रशिक्षण हवं आणि चारित्र्य-पूर्वेतिहासाबद्दल एजन्सीची खात्री पटायला हवी. आणखी एक गैरसमज: माजी सैनिकाला पडताळणी माफ. कलम 10 त्यांना प्राधान्य देतं, माफी नाही. उलट गैरवर्तनासाठी सैन्यातून किंवा पोलिसांतून बडतर्फ झालेल्याला दार बंदच.