कमी गुण पडले म्हणजे प्रशिक्षण हवंच, असं नाही

इंदूरच्या शाळांत ‘शिक्षकांचं संगणक-कौशल्य आणि प्रशिक्षणाची गरज’ अशा मथळ्याचे फॉर्म फिरतात. मथळ्यात दोन गोष्टी असतात, आत प्रश्न मात्र एकीचेच. एक्सेल येतं का, पीपीटी येते का, ई-मेल येतो का. उत्तरांची बेरीज होते, ज्यांचे गुण कमी त्यांची यादी ‘प्रशिक्षणार्थी’ म्हणून वर जाते. मग तीन दिवसांच्या वर्गात पहिला दिवस माउस, कीबोर्ड आणि मॉनिटरची ओळख करून देण्यात संपतो. समोर बसलेल्या बाई रोज फोनवर हजेरी भरत असतात आणि मुलांचे व्हिडिओ कापून-जोडून पालकांना पाठवत असतात.

कौशल्य मोजणं सगळ्यांना माहीत आहे. सीपीसीटी ही मध्य प्रदेशची संगणक-कौशल्याची परीक्षा घ्या, बहुपर्यायी प्रश्न आणि हिंदी-इंग्रजी टायपिंग. महाराष्ट्रातल्या नातेवाइकांकडून कानावर आलेली २००१ पासूनची एमएस-सीआयटी ही संगणक-साक्षरतेची परीक्षा घ्या. दोन्ही एकाच प्रश्नाचं उत्तर देतात: या माणसाला काय येतं? गरज ओळखताना प्रश्न दुसरा असतो: शाळेतलं कोणतं काम अडतंय, आणि शिकवल्याने ते सुटेल का? चाचणीतून गुण मिळतात, गरजेच्या पाहणीतून कामांची यादी. चाचणी माणसाची असते, पाहणी कामाची. हे फरक लक्षात यायला वेळ लागत नाही.

घोळ होतो तो पुढे. कमी गुण आणि गरज यांच्यामध्ये एक पायरी आहे, कारण शोधण्याची. ती गाळली की बाकी सगळं चुकतं.

एक काम जवळून पाहू. वर्गातल्या ४५ मुलांची माहिती एक्सेलमध्ये भरायची आहे: नाव, ९ आकडी समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारचा ओळख-क्रमांक), १२ आकडी आधार, सहामाहीचे गुण. आधार टाकला की साध्या फॉरमॅटमध्ये तो आखडतो, मध्ये ‘ई’ अक्षर आणि अधिकचं चिन्ह दिसतं. एक्सेल अशा खान्यात ११ आकड्यांपर्यंतच संख्या पूर्ण दाखवतं. आकडे भरण्याआधी तो कॉलम ‘टेक्स्ट’ करायचा, एवढाच उपाय आहे.

आता तीन शिक्षिका याच कामात अडकल्या आहेत असं समजा. पहिलीला हा ‘टेक्स्ट’चा प्रकार ठाऊक नाही. दुसरीला ठाऊक आहे, पण शाळेत एकच मशीन चालू आहे आणि त्यावर चार वाजेपर्यंत बाबूंचं काम चालतं, म्हणून ती रात्री फोनच्या एवढ्याशा पडद्यावर भरते आणि चुकते. तिसरीलाही येतं, पण संकुलाकडून (आसपासच्या शाळांच्या गटाच्या कार्यालयाकडून) आलेल्या तक्त्यात खाने एकत्र जोडून कुलूपबंद केलेले आहेत, त्यामुळे कॉलम बदलताच येत नाही. फाइल तिघींचीही चुकलेली आहे. प्रशिक्षण फक्त पहिलीला हवं, तेही दहा मिनिटांचं. दुसरीला मशीनची वेळ हवी. तिसरीसाठी संकुलाचं काम पाहणाऱ्या जनशिक्षकांशी बोलून तक्ता बदलून घ्यावा लागेल. या दोघींना वर्गात बसवणं म्हणजे त्यांचे तीन दिवस घेऊन अडचण तशीच ठेवणं.

कारण शोधायला एक प्रश्न पुरतो. चालू मशीन समोर आहे, तासभर निवांत वेळ आहे, काम आजच द्यायचं आहे, मदतीला कोणी नाही: होईल का? ‘होईल’ असं उत्तर आलं तर कमतरता ज्ञानाची नाही. मग किल्ली कोणाकडे असते, वीज कधी जाते, वेळापत्रकात जागा आहे का, हे तपासा. स्मार्ट बोर्डाबद्दल हे फार वेळा घडतं. बोर्ड सभागृहात बसवलेला, वर्ग दुसऱ्या मजल्यावर. बोर्ड वापरणारे थोडे म्हणून बोर्डाचं प्रशिक्षण ठरतं, आणि बोर्ड मात्र जागचा हलत नाही.

उलटंही तितकंच खरं आहे, आणि ते तर कोणत्याच फॉर्ममध्ये सापडत नाही. चाचणीत पैकीच्या पैकी गुण, तरी गरज मोठी. विज्ञानाचे सर फेट या प्रयोगांच्या मोफत संकेतस्थळावरचं विद्युत परिपथाचं सिम्युलेशन सफाईने उघडतात, प्रोजेक्टर लावतात, स्वतःच तारा जोडतात, बल्ब पेटवून दाखवतात. मुलं सिनेमा पाहावा तशी पाहतात. ‘दुसरा बल्ब जोडला तर उजेड वाढेल की कमी होईल?’ हे आधी वहीत लिहून घेतलं असतं तर त्याच साधनातून धडा उभा राहिला असता. तंत्र, विषय आणि शिकवण्याची पद्धत ही तिन्ही ज्ञानं एकमेकांत मिसळावी लागतात, ही मांडणी पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू कोलर यांनी २००६ मध्ये केली. संगणक-चाचणी त्यातलं एकच मोजते. या सरांची गरज कळायला वर्गात मागच्या बाकावर २० मिनिटं बसावं लागतं.

आणि गुण कमी, गरज शून्य, असंही असतं. चित्रकलेच्या बाईंना एक्सेलचं सूत्र येत नसेल तर नसू दे. त्यांच्या कामात ते लागत नाही.

‘उत्तम, चांगलं, साधारण’ यांपैकी एकावर खूण करा, हा प्रकार बंद व्हायला हवा. ज्याला थोडं येतं त्याला पुढे किती आहे हे माहीत नसतं, म्हणून तो ‘चांगलं’ म्हणतो. जाणकार ‘साधारण’ म्हणतो. शिवाय अनेक ठिकाणी सगळ्यांचा फॉर्म संगणकाचे सरच भरून टाकतात. विचारू नका, काम करायला द्या.

टायपिंगबद्दल वेगळं सांगायला हवं. वर्षानुवर्षं कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये भराभर टाइप करणारे शिक्षक युनिकोडसमोर, म्हणजे कुठेही सारखंच दिसणाऱ्या देवनागरीसमोर, अडखळतात आणि चाचणीत नापास होतात. त्यांना टायपिंग येत नाही, हा निष्कर्ष चुकीचा आहे. कृतिदेवमध्ये आत इंग्रजी अक्षरंच साठतात, फक्त देवनागरीचा आकार दिसतो, म्हणून ती फाइल फोनवर उघडली की अगम्य होते. हे समजावून रेमिंग्टन (जुन्या टाइपरायटरच्या) पद्धतीचा युनिकोड कीबोर्ड टाकून दिला की बोटांची सवय बरीचशी तशीच कामी येते. मराठी विषय शिकवणाऱ्यांची अडचण आणखी वेगळी: ळ आणि ‘दुसऱ्या’मधला अर्धा ऱ. इन्स्क्रिप्ट या सरकारी कीबोर्ड-मांडणीत ळ शिफ्ट-एनवर आहे. ‘ऱ्य’साठी शिफ्ट-जे, मग डी, मग तिरक्या रेषेची कळ. एवढं कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवलं की पुरतं.

करायचं कसं? मागच्या चार आठवड्यांत शिक्षकांनी खरोखर केलेली दहा-बारा कामं लिहून काढा. प्रत्येकाला त्यांच्या वाट्याची तीन कामं द्या, तिन्हींना मिळून वेळ २० मिनिटं. २४ शिक्षक आणि दोन मशीन असतील तर चार तास लागतात, म्हणजे दोन शनिवार. गुणपत्रक हे काम हमखास ठेवा, कारण त्यात दोन चुका लगेच दिसतात. कोणी फक्त गुणांचा कॉलम निवडून क्रम लावतं, एक्सेल इशारा देतं, तो नीट न वाचता फक्त निवडलेल्याच कॉलमचा क्रम लावण्याचा पर्याय घेतं, आणि एकाचे गुण दुसऱ्याच्या नावासमोर जातात. गैरहजर मुलासमोर कोणी शून्य टाकतं, तर सरासरी खाली येते. खाना रिकामा ठेवला तर सूत्र तो मोजतच नाही.

पाहणाऱ्याने माउसला हात लावायचा नाही. हात कुठे थांबला ते लिहायचं, शेजारी कारण: येत नाही, साधन नाही, वेळ किंवा परवानगी नाही, कामाची गरजच नाही. पहिल्या कारणाची नोंद तेवढी प्रशिक्षणाकडे जाईल, मधल्या दोन्ही कारणांच्या नोंदी प्राचार्यांच्या टेबलावर, शेवटची खोडून टाकायची. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकाला वर्षाला किमान ५० तासांचं व्यावसायिक शिक्षण सांगितलं आहे. २०१७ पासून दीक्षा हे सरकारी ऑनलाइन व्यासपीठ आहे, २०१९ पासून निष्ठा हा शिक्षक-प्रशिक्षणाचा कार्यक्रम आहे, अभ्यासक्रमांची वानवा नाही. त्यातले कोणते तास कोणाला द्यायचे, हे त्या पहिल्या कारणाच्या नोंदींवरून ठरवा.

सहा आठवड्यांनी तेच काम नवी नावं घालून पुन्हा द्या, मागच्या वेळी हात थांबला होता त्या जागेकडे पाहा, आणि तिथे तो आजही थांबत असेल तर कारणाच्या रकान्यापासून पुन्हा सुरुवात करा.