मॅचिंग झालं, पण मेळ बसला का?

माझ्याकडे मस्टर्ड रंगाचं एक जॅकेट आहे. हळदीत चिमूटभर तपकिरी कालवल्यासारखा रंग, जाड लोकरीचं कापड, खांद्यात जरा ऐसपैस आणि लांबीला गुडघ्याच्या वीतभर वर. ते घातलं की समोरचा माणूस आधी जॅकेट बघतो, मग मला. फॅशनच्या भाषेत ज्याला स्टेटमेंट पीस म्हणतात तो हाच. ते घेतलं त्याच आठवड्यात मी त्याच रंगाचे बूट शोधायला लागले. तीन आठवडे पायपीट केल्यावर एका दुकानात मिळाले. पिशवीतून जॅकेट काढून बुटांशेजारी धरलं, दुकानाच्या दिव्याखाली दोन्ही अगदी एक. पैसे देऊन बाहेर उन्हात आले, तर बूट चक्क हिरवट मारत होते.

तेव्हा मी दुकानाच्या दिव्यांना नावं ठेवली. खरं तर घोळ त्याआधीच झाला होता. मला हवा होता मेळ आणि मी शोधत बसले होते मॅचिंग.

बोलताना आपण हे दोन शब्द बिनधास्त एकमेकांच्या जागी वापरतो. ‘काय मस्त मॅच झालंय!’ याचा अर्थ कधी ‘रंग तोच आहे’ असा असतो, तर कधी ‘दोन वेगळ्या गोष्टी छान शोभतायत’ असा. मॅचिंग म्हणजे सारखेपणा: तोच रंग, तेच कापड किंवा तेच प्रिंट. ते झालंय की नाही हे कुणीही दोन कापडं शेजारी धरून सांगू शकतं. मेळ म्हणजे वेगवेगळ्या गोष्टी एकत्र नांदणं. गाण्याला साथ करणारा गाण्याचेच शब्द पुन्हा म्हणत नाही, तरी साथ जमते, तसं काहीसं. मेळ असा शेजारी धरून तपासता येत नाही. अंगावर घालूनच बघावा लागतो, आणि म्हणूनच बहुतेक जण मॅचिंगच्या वाटेला जातात. ती वाट सोपी वाटते.

पण ती सोपी नाही. माझ्या बुटांचं जे झालं त्याला मेटॅमेरिझम म्हणतात. लोकर एका रंगद्रव्याने रंगवलेली, चामडं दुसऱ्याने. दोन्हींवरून परतणारा प्रकाश एका दिव्याखाली डोळ्याला सारखा भासतो. दिवा बदलला की फरक उघडा पडतो. कापड उद्योगात यासाठी लाइट बॉक्स असतो. त्या पेटीत नमुने शेजारी ठेवायचे आणि दिवसाच्या उजेडासारखा, दुकानातल्या ट्यूबसारखा, पिवळ्या बल्बसारखा असे वेगवेगळे दिवे आलटून पालटून लावून बघायचे. आपल्याकडे पेटी नसली तरी खिडकी असते. एकाच रंगाच्या म्हणून घेतलेल्या दोन गोष्टी आधी खिडकीशी, मग घरातल्या दिव्याखाली बघाव्यात. एवढं केलं तरी निम्मा मनस्ताप वाचतो.

उजेडाचं झालं की पोत आडवा येतो. साटीन प्रकाश परत फेकतं, सुती कापड तो पसरवतं, मखमल तो गिळून टाकते. रंग तोच दिला तरी तिन्ही वेगळे दिसणार. मखमल आणि कॉर्डरॉय तर स्वतःशीही मॅच होत नाहीत: लव वरच्या दिशेला असेल तर गडद, खालच्या दिशेला असेल तर फिकट. म्हणून असं कापड बेतताना शिंपी सगळे तुकडे एकाच दिशेने कापतो. त्यात भर धुण्याची. काळ्यावर काळं घातलं की काम भागलं असं वाटतं खरं, पण वर्षभर वापरलेली दोन काळी वस्त्रं उन्हात शेजारी धरून बघा. एक निळसर मारतं, दुसरं तपकिरी, आणि जे जास्त धुतलंय ते राखाडीकडे झुकलेलं असतं.

खरं, निर्दोष मॅचिंग बघायचं तर चांगला शिवलेला सूट बघावा. त्याचा कोट आणि पँट एकाच ताग्यातून कापलेले असतात, कारण त्याच कारखान्यात त्याच छटेचा दुसरा तागा रंगवला तरी रंगात जरासा फरक पडू शकतो. जाणकार शिंपी बजावून सांगतो, की ड्रायक्लीनिंगला पँट एकटी द्यायची नाही, दोन्ही एकदम द्यायचे, म्हणजे विटले तरी बरोबरीने विटतील. इतका जपून ठेवावा लागणारा सारखेपणा आपण दोन वेगळ्या कारखान्यांतून आलेल्या बूट आणि जॅकेटकडून मागत असतो.

आणि मॅचिंगमध्ये शंभरपैकी पंचाण्णव मार्क म्हणजे नापास. सगळ्यात वाईट दिसतं ते ‘जवळजवळ तेच’. नेव्ही ब्लू कोटाखाली दुसऱ्या सुटाची किंचित वेगळी नेव्ही ब्लू पँट घातली, तर अंधारात कपडे बदलून आल्यासारखं वाटतं. त्याच कोटाखाली फिकट राखाडी पँट घाला, कुणाला काही खटकणार नाही. अंतर मोठं असलं की ते मुद्दाम ठेवलेलं दिसतं. एवढुसं असलं की चूक दिसते. माझे हिरवट बूट नेमके या एवढुशा अंतरात अडकले होते.

आता मेळ. त्याच्या मुळाशी असलेली गोष्ट एका रसायनशास्त्रज्ञाने शोधली, तीही एका तक्रारीमुळे. पॅरिसच्या गोबेलँ कारखान्यात भिंतीवर टांगायची चित्रं धाग्यांनी विणत असत. मिशेल यूजेन शेव्ह्रल 1824 मध्ये तिथल्या रंगखात्याचा प्रमुख झाला. निळ्या-जांभळ्या कामात काळा धागा फिका, मरगळलेला दिसतो अशी ओरड होती. शेव्ह्रलने काळा रंग तपासला, त्यात खोट नव्हती. खोड शेजाऱ्यांची होती. शेजारी ठेवलेला प्रत्येक रंग दुसऱ्याला स्वतःच्या विरुद्ध बाजूला ढकलतो, हे त्याने पद्धतशीर तपासून 1839 मध्ये जाडजूड पुस्तकात मांडलं. त्यात त्याने चक्क कपड्यांवर आणि कुठल्या वर्णाला कुठला रंग खुलतो यावरही लिहिलंय. घरी करून बघण्यासारखी गोष्ट आहे: साध्या राखाडी टी-शर्टवर लाल स्कार्फ घ्या, राखाडी किंचित हिरवट वाटायला लागेल.

म्हणजे कपाटात एकटा बघितलेला रंग आणि अंगावर शेजारपाजारासकट बघितलेला रंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मॅचिंग करणारा हे विसरतो. मेळ बसवणारा त्याचाच फायदा उठवतो.

स्टेटमेंट पीसच्या बाबतीत तर हा फरक फारच बोचतो. असा कपडा घातला की पहिला मोह होतो तो त्याचा रंग सगळीकडे पेरायचा: तोच रंग बुटांत, बॅगेत, कानांत, नखांतसुद्धा. हेतू चांगला असतो. पण नजरेला टेकायला जागाच उरत नाही. जो कपडा एकटा बोलणार होता त्याचेच शब्द चार ठिकाणांहून ऐकू यायला लागतात आणि मूळ आवाज दबतो.

याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण 1965 चं आहे. फ्रेंच फॅशन डिझायनर इव्ह सँ लोराँने चित्रकार पीट माँड्रियानच्या चित्रांवरून झगे केले: पांढरं अंग, जाड काळ्या रेघा, मध्ये लाल, निळे, पिवळे चौकोन. रंग छापलेले नव्हते, प्रत्येक चौकोन वेगळा कापून जोडलेला होता. याहून मोठा स्टेटमेंट पीस सापडणं कठीण. मग पायात काय घालायचं? मॅचिंगवाल्याने लाल बूट काढले असते. बुटांचा डिझायनर रोजे व्हिव्हिए याने त्यासाठी केलेले बूट होते काळे, बुटक्या टाचेचे, पुढे एक मोठं चौकोनी बक्कल. झग्याच्या ठसठशीत तीन रंगांपैकी एकही त्यात नाही. घेतलंय काय, तर रेघांचा काळा आणि चौकोनाचा आकार. बूट झग्याच्या घरातलेच वाटतात, पण झग्याची नक्कल करत नाहीत.

म्हणून आता माझी पद्धत अशी आहे. आधी बघायचं, की हा कपडा बोलतोय कशाने? रंगाने, प्रिंटने, आकाराने की पोताने? ज्या गोष्टीने तो बोलतोय, ती त्याच्यापुरती राहू द्यायची. बाकीच्यांनी त्याची दुसरी कुठली तरी गोष्ट उचलायची. रंग बोलत असेल तर शिलाईच्या दोऱ्याचा रंग, बटणांचा तपकिरी, लोकरीचा खरबरीतपणा, असं काहीतरी. माझ्या जॅकेटची बटणं गडद तपकिरी आहेत, शिंगाची वाटावीत अशी. त्याच तपकिरीचे मळकट, न चमकणारे बूट त्याच्याखाली घातले तेव्हा ते जॅकेट पहिल्यांदा पूर्ण वाटलं. हे बूट कपाटात आधीपासूनच होते, हे वेगळं सांगायला नको.

प्रमाणाचंही एक गणित आहे. जर्मनीतल्या बाउहाउस या कलाशाळेत शिकवलेल्या चित्रकार योहानेस इटेनने विरुद्ध रंगांच्या जोड्यांसाठी क्षेत्रफळाचं प्रमाण सुचवलं होतं: पिवळा एक भाग तर जांभळा तीन, नारिंगी एक तर निळा दोन, लाल-हिरवा निम्मे निम्मे. पिवळा इतका उजळ, की थोडा असला तरी पुरतो. हे शुद्ध, भडक रंगांसाठी आहे, आपले कपडे सहसा त्याहून मळलेल्या छटांचे असतात, तेव्हा मोजपट्टी घेऊन बसू नये. पण रोख बरोबर आहे. माझं जॅकेट बटणं लावून घातलं की अर्ध्याहून जास्त अंग पिवळंजर्द होतं आणि अंगावर येतं. बटणं उघडी सोडली, आत नेव्ही ब्लू टॉप आणि त्याखाली नेव्ही ब्लू पँट असली, की पिवळ्याच्या दोन उभ्या पट्ट्या उरतात आणि मधून गडद निळा सरळ खाली उतरतो.

आणि गंमत म्हणजे इथे मॅचिंग लागतं! टॉप आणि पँट दोन्ही नेव्ही ब्लू, आणि तेही खिडकीशी धरून तपासलेले. ते जवळजवळ असून चालत नाहीत, कारण त्यांचं काम पाठीमागे गुपचूप उभं राहण्याचं आहे; त्यांच्यात कमी-जास्त झालं तर नजर जॅकेट सोडून तिकडे जाते. थोडक्यात, मुक्या कपड्यांचं आपसात मॅचिंग आणि बोलक्या कपड्याशी मेळ. मी दोन्ही शब्द आता अशा जागी वापरते.

प्रिंटवर मात्र ही रेघ पुसट होते. समजा राणी रंगाच्या शर्टवर बॉटल ग्रीन पानं आहेत आणि पानांच्या कडेने बारीक अबोली रेष. खाली राणी रंगाची पँट घातली तर शर्ट कुठे संपला ते कळत नाही, वर रात्री झोपायचे कपडे घालून निघाल्याचा संशय येतो तो वेगळाच. बॉटल ग्रीन पँट घातली तर पानं एकदम पुढे येतात आणि राणी रंग ताळ्यावर येतो. पायांत किंवा बेल्टला अबोली आली, तर ती बारीक रेष अचानक दिसायला लागते, जी एरवी कुणाच्या लक्षातही आली नसती. तांत्रिकदृष्ट्या हे मॅचिंगच, रंग तोच उचललाय. पण सगळ्यात मोठ्याने बोलणारा सोडून दबलेला उचलला, म्हणून परिणाम मेळाचा. माझं मत विचाराल तर प्रिंटमधला सर्वांत जास्त पसरलेला रंग सोडून काहीही उचला.

आकाराचं लवकर आटपतं: फुगीर बाह्यांचा टॉप असेल तर खाली सरळ, अंगाबरोबरचं काहीतरी हवं. दोन्हीकडे घेर दिला तर अंग कुठे आहे याचा पत्ता लागत नाही, आणि तसं मुद्दाम करायचं असेल तर कंबर तरी दिसू द्यावी. धातूंबद्दल लोक उगीच फार काळजी करतात. सोनेरी आणि चंदेरी एकत्र चालतं. फक्त चंदेरी एकदाच आली तर विसरल्यासारखी वाटते. घड्याळ चंदेरी आणि बेल्टचं बक्कलही चंदेरी असलं की ठरवून केल्यासारखं दिसतं.

मॅचिंग हेच स्टेटमेंट असण्याची एक सोय को-ऑर्ड सेटमध्ये आहे. वरपासून खालपर्यंत एकच प्रिंट, एकाच कापडातून शिवलेलं, म्हणजे सुटाचंच भावंड. तिथे सारखेपणा हाच मुद्दा असतो, म्हणून तो पुरता हवा. पण त्याच प्रिंटची बॅगसुद्धा घेतली, तर सोफ्यावर बसल्यावर लोकांना तुम्ही आणि उशा यांत फरक करायला वेळ लागेल.

ते हिरवट मस्टर्ड बूट मी परत केले नाहीत. राखाडी पँट आणि पांढऱ्या शर्टखाली घालते. त्या कपड्यांत दुसरं काहीच पिवळं नसतं, त्यामुळे बुटांचा हिरवटपणा कुणाच्या मोजणीत येत नाही. उलट ‘हा कुठला रंग गं?’ असं दोघी-तिघींनी विचारलंय. जॅकेट त्या दिवशी घरी राहतं.