विमान आपलं, कारखाना शत्रूचा

अमेरिकी नौदलाने फिनिक्स हे लांब पल्ल्याचं क्षेपणास्त्र तीस वर्षं बाळगलं आणि लढाईत जेमतेम तीनदा डागलं. तिन्ही वेळा 1999 साली, इराकच्या विमानांवर. तिन्ही वाया गेली. हे क्षेपणास्त्र ज्याच्यासाठी बनलं, त्या एफ-14 टॉमकॅट विमानाने अमेरिकेच्या सेवेत एकूण पाच शिकारी केल्या: 1981 आणि 1989 मध्ये लिबियाची दोन-दोन लढाऊ विमानं आणि 1991 मध्ये इराकचं एक हेलिकॉप्टर. त्याही फिनिक्सने नव्हे, त्याहून कमी पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांनी. टॉमकॅट खऱ्या अर्थाने लढलं ते इराणच्या हवाई दलात, आणि तेही विमान बनवणाऱ्या देशाशी उभं वैर झाल्यानंतर.

अमेरिकेबाहेर हे विमान फक्त इराणने विकत घेतलं. त्याला कारण ठरलं एक रशियन विमान. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला सोव्हिएत संघाची मिग-25 इराणच्या हद्दीत सर्रास घुसत, टेहळणी करत आणि निघून जात. वीस किलोमीटरपेक्षा जास्त उंची आणि आवाजाच्या पावणेतीनपट वेग. त्या उंचीवर हा वेग मिनिटाला साधारण पन्नास किलोमीटर भरतो. रडारवर ठिपका दिसेपर्यंत, हुकूम सुटेपर्यंत आणि खालून विमान झेपावेपर्यंत पाहुणा परत कॅस्पियन समुद्रावर पोचलेला असे. इराणकडच्या एफ-4 फँटमना हे जमण्यासारखं नव्हतं.

मे 1972 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन तेहरानला आले आणि अण्वस्त्रं सोडून हवं ते घ्या, असा जवळजवळ कोरा धनादेशच त्यांनी इराणच्या राजाला, म्हणजे शहाला दिला. शहा मोहम्मद रेझा पहलवी स्वतः वैमानिक होता, विमानांची माहिती हौसेने वाचणारा. त्याच्यापुढे एफ-14 आणि एफ-15 असे दोन पर्याय होते. एफ-15 हलकं, चपळ आणि एकट्या वैमानिकाचं. एफ-14 जड आणि दोघांचं, शिवाय मुळात विमानवाहू नौकेसाठी बनवलेलं. इराणकडे तशी नौका नव्हतीच. तरी शहाने एफ-14 निवडलं, कारण त्याला विमानापेक्षा विमानाच्या नाकातलं रडार आणि पोटाखालचं फिनिक्स हवं होतं. 1974 मध्ये 80 विमानांची मागणी नोंदवली गेली. गंमत म्हणजे त्या वेळी विमान बनवणारी ग्रुमन कंपनीच डबघाईला आली होती, आणि तिला सावरण्यासाठी उभारलेल्या कर्जात 7.5 कोटी डॉलर इराणच्या बँक मेल्लीने घातले. थोडक्यात, अमेरिकी नौदलाच्या लाडक्या विमानाचा कारखाना चालू राहिला त्यात इराणी पैशाचा वाटा होता.

त्या रडारचं नाव एडब्ल्यूजी-9. सुमारे 90 सेंटिमीटर व्यासाची अँटेना, पल्ला पावणेदोनशे किलोमीटरच्या पुढे. एका वेळी 24 लक्ष्यांचा माग ठेवायचा आणि त्यातल्या सहांवर एकाच वेळी क्षेपणास्त्रं सोडायची, ही त्याची ख्याती. पण मला यात सर्वांत थक्क करते ती वेगळीच गोष्ट: खाली पाहण्याची क्षमता. रडार जमिनीकडे वळवलं की डोंगर, घरं, रस्ते या सगळ्यांवर आपटून लाटा परत येतात आणि त्या गोंगाटात खालून उडणारं विमान हरवून जातं. त्यावरचा उपाय डॉप्लर परिणामात आहे. समोरून येणाऱ्या वस्तूवरून परतलेल्या लाटेची वारंवारिता थोडी वाढते. थोडी म्हणजे किती? या प्रकारच्या रडारची लाट सेकंदाला सुमारे दहा अब्ज कंपनं करते. सेकंदाला 250 मीटर वेगाने चालून येणारं विमान त्यात सोळा-सतरा हजारांची भर घालतं. दहा अब्जांत सोळा हजार! एवढासा फरक वेचून काढायचा तर मुळात पाठवलेली लाट कमालीची स्थिर हवी, आणि साठच्या दशकातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या जोरावर ते खायचं काम नव्हतं.

जमिनीवरून परतणाऱ्या लाटेतही असा फरक पडतो, कारण आपलं विमान तिच्याकडे धावत असतं. पण तो किती असणार हे आपल्या वेगावरून आधीच कळतं, म्हणून तेवढा पट्टा गाळून टाकतात. शत्रूला पळवाट मिळते तीही इथेच. तो आपल्या दृष्टिरेषेला काटकोनात वळला की त्याचा आपल्या दिशेने येण्याचा वेग शून्यावर येतो, त्याची लाट जमिनीच्या लाटेत मिसळते आणि रडार त्यालाही जमीन समजून गाळून टाकतं. लढाऊ वैमानिक ही युक्ती आजही वापरतात.

फिनिक्स चार मीटर लांब आणि साडेचारशे किलोच्या आसपास वजनाचं. लांबच्या लक्ष्यावर ते सरळ जात नाही. आधी खूप वर चढतं, कारण विरळ हवेत रोध कमी, इंधन संपल्यावरही वेग टिकतो. वाटेत टॉमकॅटचं रडार त्याला दिशा देत राहतं, आणि शेवटच्या टप्प्यात क्षेपणास्त्राच्या नाकातलं छोटं रडार जागं होऊन उरलेलं काम स्वतः करतं. ऑगस्ट 1977 मध्ये इराणी वैमानिकांनी सुमारे 15 किलोमीटर उंचीवर उडणारं चालकरहित लक्ष्य फिनिक्सने पाडून दाखवलं. त्यानंतर मिग-25 च्या फेऱ्या बंद पडल्या असं सांगितलं जातं. शहाचे पैसे वसूल झाले म्हणायचे.

पंखांची गोष्ट आणखी वेगळी. उतरताना वेग कमी असतो, तेव्हा विमान तोलून धरायला लांब, पसरलेले पंख लागतात. आवाजाच्या पुढे गेल्यावर तेच पंख अडसर होतात, मागे दुमडलेले बरे. टॉमकॅटचे पंख 20 अंशांपासून 68 अंशांपर्यंत मागे वळत. पसारा साडेएकोणीस मीटरवरून साडेअकरावर येई. वेगानुसार कोन ठरवण्याचं काम संगणक करी, वैमानिकाला लक्ष द्यावं लागत नसे. मात्र पंखांनी पेललेला सगळा भार दोन खिळींतून जातो, आणि त्या खिळी टायटॅनियमच्या एका मोठ्या पेटीला जोडलेल्या असतात. पेटीचे जोड निर्वात जागेत इलेक्ट्रॉनांच्या झोताने वितळवून सांधलेले. असा सांधा कुठल्याही वर्कशॉपमध्ये दुरुस्त होत नाही. आपल्याकडेही पंख हलवणारं मिग-27 होतं, नाशिकजवळ ओझरच्या एचएएलमध्ये बांधलेलं. ते 2019 च्या डिसेंबरात निवृत्त झालं. पण ओझरला परवाना, आराखडे आणि यंत्रसामग्री घेऊन विमानं बांधली गेली. इराणने विमानं तयार घेतली होती, आणि फरक इथेच पडला.

79 विमानं इराणला पोचली, ऐंशीवं अमेरिकेतच राहिलं. 714 फिनिक्सची मागणी होती, 284 मिळाली. फेब्रुवारी 1979 मध्ये इस्लामी क्रांतीत शहाची राजवट कोसळली. नोव्हेंबरात तेहरानच्या अमेरिकी दूतावासातले लोक ओलीस धरले गेले आणि सुट्या भागांचा ओघ आटला. त्याआधीच परदेशी तंत्रज्ञ सामान बांधून निघून गेले होते. गोदामं भरलेली होती, पण कुठला भाग कुठल्या फडताळावर आहे याची नोंद अमेरिकनांनी बसवलेल्या संगणकात, आणि तो चालवणारे गेलेले. अनेक महत्त्वाचे भाग देशातच असून सापडत नव्हते. त्यात नव्या राजवटीने शहाचे लोक म्हणून कित्येक वैमानिक आणि अधिकारी तुरुंगात टाकले. सप्टेंबर 1980 मध्ये इराकच्या सद्दाम हुसेनने हल्ला केला तेव्हा त्यातल्या काहींना बाहेर काढून पुन्हा विमानात बसवावं लागलं.

लढाऊ विमान बंद पडतं कशाने? लोकांच्या डोळ्यांसमोर मोठी यंत्रं येतात, पण आधी दगा देतात त्या किरकोळ वस्तू. हायड्रॉलिक प्रणालीतल्या रबरी कड्या घ्या. रबराच्या साखळ्यांत हवेतला ऑक्सिजन शिरतो, त्या एकमेकींना जखडतात, रबर कडक होतं आणि दाबाखाली तेल पाझरू लागतं. विमान उडवलं नाही तरी हे घडत राहतं. उलट उभ्या विमानाच्या कड्या लवकर सुकतात. टायर आणि ब्रेक तर प्रत्येक उतरणीला झिजतात. इंजिनातल्या टर्बाइनच्या पात्यांचं दुखणं वेगळं. लालबुंद तापलेलं पातं वेगाने फिरताना बाहेरच्या बाजूला ओढलं जातं, आणि धातू वितळण्याच्या कितीतरी आधीपासून मुंगीच्या पावलाने लांबत जातो. याला क्रीप म्हणतात. पात्याचं आयुष्य म्हणूनच वर्षांत नाही, तासांत मोजतात. तास भरले की पातं वरकरणी ठणठणीत असलं तरी काढायचं. बदली पातंच नसेल तर काय करायचं, याचं उत्तर कुठल्याही पुस्तिकेत नसतं. त्यातून टॉमकॅटचं टीएफ-30 इंजिन पहिल्यापासून नाजूक. झटक्यात वळण घेतलं की आत येणाऱ्या हवेचा प्रवाह विस्कटून ते गुदमरायचं. अमेरिकेने पुढच्या आवृत्त्यांत ते बदलून टाकलं. इराणच्या नशिबी मात्र तेच राहिलं.

कंपनांचंही पाहा. टॉमकॅटचा पहिला नमुना डिसेंबर 1970 मध्ये दुसऱ्याच उड्डाणात कोसळला होता. दोन्ही वैमानिक छत्रीने उतरून बचावले. हायड्रॉलिक पंपाच्या थरथरीचा सूर टायटॅनियमच्या नळ्यांच्या नैसर्गिक कंपनाशी जुळला, आणि थकून थकून नळ्या तडकल्या. पुढे त्या पोलादाच्या केल्या. अशा विमानाच्या एखाद्या नळीची स्थानिक नक्कल बनवताना जाडी किंवा मिश्रधातू जरा बदलला तरी कंपनाचा सूर बदलतो. तुकडा मापात बसला म्हणजे काम झालं असं नाही.

इराणी तंत्रज्ञांनी सुरुवातीला केलं ते एसटीच्या डेपोत चालतं तेच: कोपऱ्यात उभ्या गाडीचे भाग काढून रस्त्यावरची गाडी चालू ठेवायची. जोडीला चोरवाटेने, दलालांमार्फत खरेदी, आणि हळूहळू देशातच भाग घडवणं. इराणला विमानवाहू नौकेवर उतरायचं नसल्यामुळे एक फायदाही झाला. डेकवर तारेला अडकून थांबण्याचा हिसका आणि खारी हवा, ही दोन्ही दुखणी टळली. टॉमकॅटचा तळ असलेल्या इस्फहानचं कोरडं हवामान विमानाच्या सांगाड्याला मानवलं.

अमेरिकेत अनेकांचा होरा होता की ही विमानं लवकरच निकामी होतील. 11 फेब्रुवारी 1985 ला क्रांतीच्या वर्धापनदिनी तेहरानवरून एकदम 25 टॉमकॅट उडाली. युद्धात त्यांचं मुख्य काम समोरासमोर झुंजण्याचं नव्हतंच. खार्ग बेटावरून इराणचं तेल बाहेर जाई, त्या बेटावर आणि तेलवाहू जहाजांवर पहारा द्यायचा, आकाशातच इंधन भरून तासन्‌तास घिरट्या घालायच्या आणि आपल्या रडारने दुसऱ्या विमानांना वाट दाखवायची. त्या रडारच्या लाटा जाणवल्या की इराकी वैमानिक माघारी वळत, अशी त्या काळची वर्णनं आहेत. न झालेली लढाई कुठल्याच हिशेबात धरली जात नाही.

पाडलेल्या विमानांच्या आकड्यांबाबत मी हात आखडता घेईन. इराणच्या बाजूने दीडशेच्या वर शिकारींचे दावे आहेत. इराकी बाजूच्या माहितीशी ताडू गेलं तर तेवढे भरत नाहीत. जलील झंदी हा टॉमकॅटवरचा सर्वांत यशस्वी वैमानिक मानला जातो, त्याच्या नावावर अकरा विमानं सांगतात. एकाच फिनिक्सने तीन मिग-23 पाडल्याची कथाही प्रसिद्ध आहे. दाट थव्यात एवढ्या मोठ्या स्फोटकाने ते अशक्य नाही. ती मात्र कथा म्हणूनच ऐकावी.

फिनिक्सचा साठा पुरवून पुरवून वापरावा लागला. क्षेपणास्त्र पेटीत पडून राहिलं तरी त्याचं वय वाढतच असतं. त्यातलं घन इंधन रबरासारख्या बंधकात घोटलेलं असतं. ते वर्षांनी कडक होतं, तडा जातो, आणि पेटवल्यावर ज्वाला त्या तड्यात शिरली की जळणारा पृष्ठभाग एकदम वाढून मोटर फुटू शकते. म्हणून इराणने जमिनीवरून डागायचं अमेरिकी हॉक क्षेपणास्त्र टॉमकॅटखाली टांगायचा प्रयोग केला. फार यशस्वी नव्हता तो, पण दोन वेगळ्या कंपन्यांच्या यंत्रणांना एकमेकींची भाषा शिकवणं कारागिरीचंच काम. पुढे त्यातूनच फाकूर-90 हे फिनिक्ससारखं दिसणारं क्षेपणास्त्र आलं. 2018 मध्ये त्याचं उत्पादन सुरू झाल्याचं इराणने जाहीर केलं.

हे सगळ्यांनाच साधत नाही. पाकिस्तानने पैसे मोजलेली 28 एफ-16 विमानं 1990 मध्ये अमेरिकेने अणुकार्यक्रमावरून अडवून धरली आणि ती वर्षानुवर्षं ॲरिझोनाच्या वाळवंटात उभी राहिली. तुर्कस्तान एस-400 ही रशियन हवाई संरक्षण यंत्रणा घेतल्यापायी 2019 मध्ये एफ-35 या अमेरिकी लढाऊ विमानाच्या कार्यक्रमातूनच बाहेर फेकला गेला. आजच्या विमानात तर देखभालीच्या नोंदीही विक्रेत्याच्या सॉफ्टवेअरमध्ये असतात, आणि कानशीने घासून ते घडवता येत नाही.

अमेरिकी नौदलाने सप्टेंबर 2006 मध्ये आपलं शेवटचं टॉमकॅट निवृत्त केलं. एरवी जुन्या विमानांचे भाग भंगारात किंवा हौशी लोकांना विकले जातात. इथे 2007 मध्ये विक्री थांबवली गेली, 2008 मध्ये कायद्याने बंदी आली आणि वाळवंटात साठवलेली बरीचशी विमानं यंत्रांनी चिरफाळून टाकली गेली. एखादा पंप किंवा सर्किट बोर्ड फिरत फिरत इस्फहानला पोचेल ही धास्ती.

16 जून 2025 ला इस्रायली लष्कराने तेहरानच्या विमानतळावर उभी असलेली दोन टॉमकॅट उद्ध्वस्त केल्याचं चित्रीकरण प्रसिद्ध केलं. ही विमानं उडणारी होती की कधीची बंद, यावर लगेच वाद सुरू झाला. पण ज्या ताफ्याला पंचेचाळीस वर्षांत कारखान्यातून एकही भाग उघडपणे आलेला नाही, त्याच्यासाठी उभं विमान हेच गोदाम असतं. त्यातून निघणारा ब्रेक, पातं किंवा रडारचा सर्किट बोर्ड लागतो तो उडणाऱ्या विमानालाच.